संपादकाचा पगार कोण देणार?

ऑक्सफर्डला डार्विनच्या उत्क्रांतीवादावरून बिशप विल्बरफोर्सशी झालेल्या खडाजंगीला जेमतेम अडीच आठवडे झाले होते. १७ जुलै १८६० या दिवशी त्या खडाजंगीतला डार्विनचा पाठीराखा, प्राणिशास्त्रज्ञ थॉमस हेन्री हक्स्लीने आपला वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकर याला एक पत्र लिहिलं. डब्लिनहून निघणारं 'नॅचरल हिस्टरी रिव्ह्यू' हे त्रैमासिक नव्या रूपात लंडनहून काढायचं घाटत होतं आणि हक्स्ली त्यात पुढे होता. अंकाचा सूर कसा असेल हे सांगायला त्याने चक्क एक नवा शब्द पाडला. मराठीत तो 'सौम्यपणे बिशपभक्षी' असा होईल. तुला, डार्विनला आणि भूगर्भशास्त्रज्ञ लायेलला आपल्या विरोधकांचा समाचार घ्यायची हवी तर उत्तम संधी आहे, असंही त्याने लिहून टाकलं. नव्या नियतकालिकासाठी लेखक गोळा करताना संपादक जे जे करतो ते सगळं या दोन ओळींत आहे: थोडं आमिष, थोडी चिथावणी आणि 'आपलंच आहे' हा हक्काचा सूर.

मित्रांना मात्र काळजी वाटली. डार्विनला वाटलं की परीक्षणं लिहिण्यात आणि लिहवून घेण्यात हक्स्लीचा वेळ जाईल आणि मूळ संशोधन मागे पडेल. ही शंका गैर नव्हती. जानेवारी १८६१ मध्ये पहिला अंक निघाला, त्यात माणूस आणि इतर प्राणी यांच्या नात्यावर खुद्द हक्स्लीचा लेख होता. त्या अंकाची तयारी चालू असतानाच, सप्टेंबरमध्ये, त्याचा चार वर्षांचाही न झालेला थोरला मुलगा स्कार्लेट तापाने गेला. लेखाच्या तारखा पाळणारा माणूस त्या काळात काय भोगत होता, ते अंक चाळताना कळत नाही. संपादक मंडळावर नावं पुष्कळ होती, ओझं बरंचसं हक्स्लीच्या डोक्यावर. १८६५ मध्ये त्रैमासिक बंद पडलं.

मग आलं 'द रीडर'. १८६३ मध्ये सुरू झालेलं हे साप्ताहिक साहित्य, कला आणि विज्ञान यांची मोट बांधू पाहत होतं. पुढे हक्स्ली आणि त्याच्या वर्तुळातल्या मंडळींनी त्यात स्वतःचे पैसेही घातले. विज्ञानाची बाजू नॉर्मन लॉकियर सांभाळत होता. ते विकलं गेलं आणि १८६७ च्या सुरुवातीला बंद झालं. त्यामुळे दोनच वर्षांनी प्रकाशक अलेक्झांडर मॅकमिलन आणखी एक विज्ञान साप्ताहिक काढतोय म्हटल्यावर हूकरने कपाळाला हात लावला असेल तर नवल नाही. मॅकमिलनला त्याने जे कळवलं त्याचा मथितार्थ असा: माझ्या शुभेच्छा खुशाल जाहीर करा, पण नामवंतांच्या आश्रयाने निघालेल्या विज्ञान नियतकालिकांचं आजवर काय झालं ते मला ठाऊक आहे, आणि खऱ्या वैज्ञानिकाला असं नियतकालिक चालवायला वेळ कुठून मिळेल, येणारा सगळा कचरा उपसायला डोकं कुठून आणायचं, हे मला कळत नाही.

त्या साप्ताहिकाचं नाव 'नेचर'. पहिला अंक ४ नोव्हेंबर १८६९ रोजी निघाला, किंमत चार पेन्स.

हूकरचं भाकीत चुकलं, असं म्हणून या गोष्टीचा शेवट करण्याची पद्धत आहे. मला तसं वाटत नाही. हूकर बरोबर होता. मराठीत विज्ञान नियतकालिकांचं काय करायचं यावर आपण गेली कित्येक वर्षं जी रडगाणी गातो, त्यांत हूकरचा मुद्दा कोणी घेत नाही, ही माझी तक्रार आहे.

आपलं रडगाणं साधारण असं असतं. परिसंवाद असतो, अध्यक्ष असतात, आणि कोणीतरी उठून म्हणतं की आपले शास्त्रज्ञ मराठीत लिहीतच नाहीत. सभागृह टाळ्या वाजवतं. मग जुनी नावं निघतात. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दिग्दर्शन' १८४० चं. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ चं, म्हणजे 'नेचर'च्याही दोन वर्षं आधीचं. हे सांगताना वक्त्याचा आवाज थोडा चढतो. 'सृष्टिज्ञान' १९२८ पासूनचं. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. एवढी परंपरा असताना आजचा प्राध्यापक चार पानं मराठीत लिहू शकत नाही म्हणजे काय? दोष त्याच्या मातृभाषेवरच्या प्रेमाचा, असं ठरतं आणि चहा येतो.

मी तीस वर्षं महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं आणि त्यातली निदान वीस वर्षं अशा टाळ्या ऐकल्या. मीही एकदा वाजवल्या असतील. पण एखादा चालता संशोधक मराठीत लिहीत नाही, याचं कारण प्रेमाच्या कमतरतेत शोधणं म्हणजे पत्ता चुकलेलं पत्र आहे. डार्विनला हक्स्लीबद्दल वाटली तीच काळजी आज या संशोधकाच्या मार्गदर्शकाला वाटते. पदोन्नतीच्या अर्जात मराठी लेखाला जागा नाही, असली तर चिमूटभर गुण. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या त्याने किती दिवस भाजाव्यात?

इथे लगेच कोणी म्हणेल, मग मराठी लेखांना गुण द्या. नको. कृपा करून नको. गुण दिल्यावर काय होतं ते आपण पाहिलं आहे. शोधनिबंधांना गुण लागले, तेव्हा आयएसएसएन हा नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक घेतलेली 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिकं गल्लोगल्ली उगवली. पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या. त्यांना आवर घालायला विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी केली आणि २०२५ मध्ये ती यादीही गुंडाळली. उद्या मराठी लेखाला पाच गुण म्हटलं की परवा पाच हजार मराठी लेख पडतील आणि त्यातले बहुतेक कुठून तरी उचललेले, यंत्राने भाषांतरलेले असतील. हूकर ज्याला कचरा म्हणाला तो उपसणारा कोणी नसताना कचऱ्याला बक्षीस लावू नये.

उपसणारा. मुद्दा त्याच्याशी येऊन थांबतो.

'नेचर' का टिकलं? नामवंत लेखकांमुळे म्हणावं, तर तेच नामवंत 'नॅचरल हिस्टरी रिव्ह्यू'तही होते आणि 'द रीडर'मध्येही. हक्स्लीने 'नेचर'च्या पहिल्या अंकाची सुरुवात जर्मन कवी ग्योटेच्या वचनांनी करून दिली, हे खरं. गणिती सिल्व्हेस्टर तर नुसत्या नावावरच खूश झाला होता. पण शुभेच्छांवर अंक निघत नाही. दोन गोष्टी वेगळ्या होत्या. पहिली मॅकमिलनची थैली. सुमारे तीस वर्षं हे साप्ताहिक तोट्यात चाललं. तीस वर्षं! आपल्याकडे तीन वर्षांचा तोटा सोसलेला मालक स्वतःच्या त्यागावर भाषण देतो. मॅकमिलनची पाठ्यपुस्तकं खपत होती, विज्ञान लेखकांशी त्याला संबंध जोडायचे होते, तेव्हा हा निव्वळ दानधर्म नव्हता, हेही सांगायला हवं. तरी पैसा त्याने घातला आणि अंकात काय छापावं यात तो फारसा पडला नाही.

दुसरी गोष्ट लॉकियर स्वतः. हा माणूस युद्धखात्यात कारकून होता, म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या तो अगदी शब्दशः भाजत होता. खगोलशास्त्र हा त्याचा फावल्या वेळातला नाद. पण मॅकमिलनचा विज्ञानाच्या पुस्तकांबाबतचा सल्लागारही तोच होता, त्यामुळे छपाई, हस्तलिखितं, लेखकांचे रुसवेफुगवे यांची त्याला सवय होती. तो १९१९ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं संपादक राहिला. १८९३ पासून रिचर्ड ग्रेगरी हा साहाय्यक संपादक म्हणून आला, रोजच्या कामाचा मोठा भार त्याच्याकडे गेला, आणि लॉकियरनंतर १९३९ पर्यंत तोच संपादक होता. सत्तर वर्षांत दोन संपादक. हूकरने विचारलेल्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर हे आहे: चालत्या वैज्ञानिकाने मासिक चालवू नये, ते चालवणारा माणूस वेगळा ठेवावा आणि त्याला टिकू द्यावं. लॉकियर सुरुवातीला नोकरी सांभाळून हे करत होता, पुढे संशोधनही करत होता, हे माझ्या मताला थोडं अडचणीचं आहे. पण त्याच्यासारखा भांडकुदळ, चिवट आणि न दमणारा माणूस प्रत्येक मासिकाला मिळेल या भरवशावर धोरण आखता येत नाही.

आणि एक तिसरी गोष्ट, जी कोणी ठरवून केली नव्हती. 'नेचर'च्या उद्दिष्टांत सामान्य वाचक पहिला होता: विज्ञानाचे मोठे निष्कर्ष त्याच्यापुढे मांडायचे. वैज्ञानिकांची आपसातली सोय दुसऱ्या क्रमांकावर. प्रत्यक्षात झालं उलटं. वैज्ञानिकांनी पत्रव्यवहाराचं सदर ताब्यात घेतलं. साप्ताहिक असल्याने आज लिहिलेलं पुढच्या आठवड्यात छापून येई. विद्वत्सभांच्या जाडजूड ग्रंथांत निबंध यायला महिनोन्‌महिने जात. शिवाय तिथे तो वाचणार कोण? निसर्गअभ्यासक हेन्री बेट्सने अॅमेझॉनची काही फुलपाखरं दुसऱ्या जातींची नक्कल करतात त्यावर लिहिलेला अप्रतिम निबंध १८६२ मध्ये लिनियन सोसायटीच्या ग्रंथात आला, तेव्हा तो तिथेच गडप होईल या धास्तीने डार्विनने त्याचं परीक्षण लिहिलं. हक्स्लीला परीक्षणांत वेळ घालवू नकोस सांगणारा डार्विन! ते निनावी परीक्षण त्याच 'नॅचरल हिस्टरी रिव्ह्यू'त १८६३ मध्ये छापून आलं. भिडेखातर काही ओळी लिहिल्या जातात, पण पोटतिडिकीने लिहिलेलं वेगळंच असतं.

'नेचर'च्या पहिल्या अंकाला पुरते पंधरा दिवस होत होते, तोच १८ नोव्हेंबर १८६९ च्या अंकात डार्विनचं टिपण आलं, हिवाळ्यात फुलणाऱ्या झाडांच्या परागीभवनावर. पुढेही तो लिहीत राहिला. १८७४ मध्ये त्याने कळवलं की पक्षी प्रिमरोझची फुलं तोडून टाकतात, असं का करत असावेत? त्यावर ठिकठिकाणच्या वाचकांनी आपापल्या बागांतली हकिगत लिहून पाठवली. अखेरचं टिपण ६ एप्रिल १८८२ चं, मृत्यूच्या तेरा दिवस आधीचं. नॉर्दॅम्प्टनच्या एका जोडे बनवणाऱ्या कारखानदाराला पाणभुंग्याच्या पायाला चिकटलेली बारीक शिंपली सापडली होती. गोड्या पाण्यातल्या शिंपल्या या तळ्यातून त्या तळ्यात कशा पोचतात याचं ते उत्तर होतं. या डब्ल्यू. डी. क्रिकचा नातू फ्रान्सिस. त्याचा आणि वॉटसनचा डीएनएवरचा निबंध १९५३ मध्ये त्याच 'नेचर'मध्ये आला. योगायोगच, पण त्यातला मला आवडणारा भाग नातवाचा नाही, आजोबांचा आहे. जोडे बनवणाऱ्या माणसाने पाठवलेली शिंपली छापली गेली, कारण पत्राला जागा होती आणि ते पत्र वाचून पाहणारं कोणीतरी टेबलामागे बसलेलं होतं.

म्हणून मराठी मासिकांना माझं सांगणं आहे की शास्त्रज्ञांकडे लेख मागू नका, पत्र मागा. तीनशे शब्द. या आठवड्यात प्रयोगशाळेत काय बिनसलं, शेतावर काय विचित्र दिसलं, कालच्या बातमीत काय चुकलं. तीन हजार शब्दांचा 'कृष्णविवरे: एक दृष्टिक्षेप' कोणाला नकोय. पण पत्र मागायचं म्हटलं तरी ते वाचणारा, फोन करून 'हा आकडा कुठून आणला' विचारणारा, तिसरं वाक्य पहिलं करणारा माणूस लागतो. तो आपल्याकडे नाही. जो आहे तो निवृत्त आहे, विनावेतन आहे, आणि वर्गणीदारांचे पत्ते चिकटवण्यापासून जाहिराती आणण्यापर्यंत सगळं तोच करतो. मी अशा माणसांना ओळखतो. त्यांच्या जिद्दीचं कौतुक करणारे लेख वाचले की मला राग येतो. जिद्दीचं कौतुक हा पगार न देण्याचा सभ्य मार्ग आहे.

असा माणूस नसल्याने काय होतं याचं उदाहरण लॉकियरच्याच नावाने आपल्या घरात आहे. दरवर्षी १८ ऑगस्ट जवळ आला की मोबाइलवर संदेश फिरतो: १८६८ च्या सूर्यग्रहणात लॉकियरने विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, हेलियमचं पाळणाघर महाराष्ट्रात आहे. किल्ल्यावरचे साहेबाचे कट्टे, म्हणजे ग्रहण पाहायला बांधलेले चौथरे, पुरावा म्हणून दाखवले जातात. कट्टे खरे, साहेबही खरा, साल चुकीचं. १८६८ च्या त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्येच होता. ग्रहण पाहायला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन गुंटूरला होता आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल आपल्या पटवर्धनांच्या जमखंडीला. लॉकियरचा नवा वर्णपटदर्शक हाती यायला ऑक्टोबर उजाडला, आणि मग त्याने ग्रहणाशिवायच, इंग्लंडमधून, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्या वर्णपटातल्या एका पिवळ्या रेषेवरून हेलियमची कथा सुरू होते. विजयदुर्गला तो आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, तीस वर्षांनी. त्याच ग्रहणाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी नायगमवाला जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते. ही गोष्ट खोट्या गोष्टीपेक्षा किती तरी रंगतदार आहे, त्यात आपला माणूस आहे, पण ती कोणी पुढे पाठवत नाही. एका संपादकाने एका दुपारी दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या असत्या तरी पुरे होतं.

आता पैशाचं. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही देशभरच्या विद्यार्थी-संशोधकांसाठी नियतकालिकांची एकत्र वर्गणी भरण्याची योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. यात 'नेचर'चे आजचे मालकही आहेत. योजना चांगली आहे, जिल्ह्याच्या गावातल्या विद्यार्थ्याला शोधनिबंध वाचता येतील, माझा विरोध नाही. वाचायला पैसे मोजतो तसे छापून आणायलाही मोजावे लागतात: 'नेचर'मधला निबंध सर्वांना खुला ठेवण्याचा दर २०२० मध्ये ९,५०० युरो जाहीर झाला होता. चार पेन्सच्या साप्ताहिकाचा हा प्रवास मॅकमिलनला आवडला असता, हूकरला नसता. तर या ६,००० कोटींचा हजारावा भाग काढा. सहा कोटी, म्हणजे वर्षाला दोन कोटी. एका संपादकाला प्राध्यापकाइतका पगार, हाताखाली दोन तरुण माणसं, लेखकांना लाज वाटणार नाही इतकं मानधन, असं धरलं तर यात एक नव्हे, तीन-चार मराठी विज्ञान मासिकं नीट चालतील. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. भाषा भवनं बांधू, कोश काढू असं पुष्कळ बोललं गेलं. पगारी संपादक हा शब्द मी तरी त्यात ऐकला नाही.

सरकारी पैसा आला की संपादकही सरकारी होतो, ही भीती खोटी नाही. लॉकियरच्या 'नेचर'ने ब्रिटिश सरकारला विज्ञानाची उपेक्षा केल्याबद्दल वर्षानुवर्षं झापलं. अनुदानावर चालणाऱ्या मासिकाला ते जमलं असतं का? म्हणून मला स्वतःला सरकारी थैलीपेक्षा मॅकमिलनसारखी थैली बरी वाटते. पुण्या-मुंबईच्या औषध आणि सॉफ्टवेअर कंपन्या नफ्याचे दोन टक्के कायद्याने सामाजिक कामावर खर्च करतात, त्यातून शाळांच्या भिंती रंगवल्या जातात, वह्या वाटल्या जातात. त्याचे फोटो चांगले येतात. एका अंधाऱ्या खोलीत प्रूफं वाचणाऱ्या माणसाचा फोटो चांगला येत नाही, ही अडचण मला कळते. आणि तीस वर्षं तोटा सोसायचा म्हणजे दहा वार्षिक अहवालांत तरी तो समजावून सांगावा लागेल. पण यापेक्षा स्वस्तात हे काम झाल्याचं मला तरी कुठे दिसलेलं नाही.

माझ्या ओळखीचे एक संपादक दर दिवाळीआधी फोन करतात. सर, यंदा काहीतरी द्याच, विषय तुमचा. दरवर्षी मी हो म्हणतो आणि दोन वर्षांतून एकदा देतो. यंदा लेख दिला नाही. विजयदुर्गच्या तारखांवर तीनशे शब्दांचं पत्र पाठवलं आणि लिहिलं की तपासून घ्या, जेऊरबद्दल अजून विचारायचं असेल तर विचारा, कुठे चुकलो असेन तर छापू नका. चार दिवसांनी फोन आला. त्यांना पत्र आवडलं होतं. पुढच्या अंकात घेतो म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "फक्त प्रूफं तेवढी तुम्हीच बघा सर, इथे दुसरं कोणी नाही. आणि तपासायचं म्हणताय, ते पण तुम्हीच एकदा बघून घ्या ना."